कलम सत्तावीस

वादसभेला अकरा दिवस उरले होते आणि वकील अल्देरेते कोट काढून, गुडघे टेकून, पोडियमची उंची मोजत होते. एकशे बारा सेंटिमीटर. मग त्यांनी शेजारच्या पोडियमला टेप लावली. एकशे बारा आणि किंचित. हे 'किंचित' म्हणजे किती, यावर पाऊण तास गेला.

सुनिल्दा कान्येते गप्प बसून बघत होती. एकोणसाठ वर्षांची बाई. सव्वीस वर्षं तिने रेडिओवर बातम्या दिल्या होत्या आणि त्यानंतर राजधानी आसुन्सिओनच्या एका कॉलेजात ती पत्रकारिता शिकवत होती. राष्ट्राध्यक्षपदाच्या दोन मुख्य उमेदवारांना समोरासमोर उभं करायचं काम वादसभा मंडळाने तिच्यावर सोपवलं होतं. मंडळ म्हणजे तीन विद्यापीठं आणि पत्रकारांची संघटना यांनी मिळून चालवलेली संस्था. हातात ना कायदा, ना पोलीस. उमेदवार आले तर वादसभा, नाहीतर दोन रिकामे पोडियम आणि चॅनेलवाल्यांचे शिव्याशाप.

पहिल्या बैठकीतच तिला एक गोष्ट कळून चुकली होती. सत्ताधारी पक्षाच्या सेनेटर ओसुनांना ही वादसभा नकोच होती. चाचण्यांमध्ये ते नऊ टक्क्यांनी पुढे होते. पुढे असलेल्या माणसाला समोर उभं राहून मिळवायचं काय असतं? पण 'येत नाही' म्हटलं तर भित्रा ठरतो. म्हणून त्यांना निमित्त हवं होतं, आणि ते शोधायला त्यांनी रिगोबेर्तो अल्देरेतेंना पाठवलं होतं. गोड बोलायचे, नेहमी इस्त्रीचा शर्ट, आवाज कधी चढायचा नाही. सुनिल्दाचं सगळं काम एवढंच उरलं होतं की या माणसाच्या हाती निमित्त लागू द्यायचं नाही.

म्हणून ती देत गेली. ओसुनांना घाम फार येतो, खोली एकोणीस अंशांवर हवी. विरोधी उमेदवार मार्लेने गालेआनो यांचा घसा गारठ्याने बसतो, एकवीस हवेत. वीस ठरले, आणि एसीच्या बटणाला नोटरीसमोर सील लावायचं ठरलं. पाण्याचे पेले काचेचे की कागदी? कागदी, कारण काच आपटली की आवाज होतो. कोण आधी बोलणार हे ठरवायला चर्चच्या जत्रेतलं तंबोल्याचा फिरता पिंजरा आणला, आणि अल्देरेतेंनी त्यातल्या सोंगट्या एकेक करून तळहातावर तोलल्या. असं करता करता एकेचाळीस कलमं झाली.

"बाई, तुम्ही त्यांना सगळंच देताय," असं नोएलिया तिला एकदा सगळ्यांसमोरच म्हणाली होती. नोएलिया येग्रोस ही गालेआनोंची प्रतिनिधी. चौतीस वर्षांची, जिभेला धार असलेली. कधीकाळी सुनिल्दाची विद्यार्थिनी होती आणि अजूनही तिला बाईच म्हणायची. ही ओळख सुनिल्दाने पहिल्याच बैठकीत उघड सांगून टाकली होती. अल्देरेते तेव्हा हसून म्हणाले होते, या देशात कोण कोणाचा विद्यार्थी नाही? माझी बायकोसुद्धा तुमच्या बातम्या ऐकून मोठी झाली. आणि तो विषय तिथेच मिटला होता.

एक कलम मात्र सुनिल्दाने स्वतःच्या हट्टाने घातलं होतं. सत्ताविसावं. दीड तासातली वीस मिनिटं ग्वारानी भाषेत. गावोगावच्या रेडिओंकडे ज्यांनी नावं पाठवली त्यांतून चिठ्ठी टाकून तीन माणसं निवडायची. ती स्टुडिओत येऊन आपल्या तोंडाने ग्वारानीत प्रश्न विचारतील आणि उमेदवार ग्वारानीतच उत्तर देतील. मध्यस्थ म्हणून डॉन सेफेरिनो, चाळीस वर्षं पहाटेचा शेतकऱ्यांचा कार्यक्रम चालवणारे. बाजारात, भांडणात, अंथरुणात जी भाषा बोलतात ती आजवर वादसभेत कधी आलीच नव्हती. सगळं स्पॅनिशमध्ये, आणि खाली पुटपुटत एक दुभाषा. मागच्या निवडणुकीत एका गावच्या दुकानात बसून सुनिल्दाने वादसभा पाहिली होती. पंधराव्या मिनिटाला दुकानदाराने आवाज बारीक केला आणि म्हणाला, चालू दे त्यांचं आपापसात.

वादसभेला आठ दिवस असताना ती बैठकीला वेळेआधी पोहोचली तर दोघं आधीच येऊन बसलेले. खिडकीजवळ शेजारी शेजारी. टेबलावर तेरेरेचा सरंजाम मांडलेला: गार पाण्याचा थर्मास, पानं भरलेला शिंगाचा पेला, त्यात एकच नळी. वयाने लहान म्हणून नोएलिया पाणी ओतून पेला फिरवत होती, आणि तिने मान वर केली नाही.

"आज आनंदाची बातमी आहे," अल्देरेते म्हणाले. "दोन्ही बाजूंचं एका गोष्टीवर एकमत झालंय. सहा आठवड्यांत पहिल्यांदा. कलम सत्तावीस काढून टाकू या."

कारण म्हणून त्यांनी वेळेची अडचण सांगितली, तांत्रिक बाबी सांगितल्या, दोन भाषांमध्ये चर्चेची लय तुटते असंही सांगितलं. सुनिल्दा ऐकत होती आणि नोएलियाकडे बघत होती. गालेआनो माजी न्यायाधीश. राजधानीतल्या बड्या घरात जन्म, शिक्षण ब्वेनोस आयरेसला. त्या घरात पोरांच्या तोंडून ग्वारानीचा शब्द निघाला तर चापट बसायची. तेव्हा नोएलियाचं कारण सरळ होतं. पण ओसुना? त्यांची ग्वारानी तर लोण्यासारखी. गावच्या सभेत त्या भाषेत असे विनोद करायचे की म्हाताऱ्या डोळे पुसायच्या. मग त्यांना कशाची भीती?

पेला तिच्या हातात आला आणि ती गार घोट घेत असतानाच तिला उमगलं. ओसुना गावात ग्वारानीतून बोलायचे ते एक आणि राजधानीत जमीनदारांपुढे स्पॅनिशमधून बोलायचे ते दुसरं. दोन भाषा, दोन आश्वासनं. एका कॅमेऱ्यासमोर, एकाच दिवशी, दोन्ही कधी ऐकू आली नव्हती.

तिने पेला परत दिला.

"माझी हरकत नाही," ती म्हणाली. "कलम चौदा. दोन्ही बाजूंनी लेखी मागितलं तर कुठलंही कलम बदलता येतं. कारणासकट लिहून द्या, खाली सही करा."

"लगेच देतो," अल्देरेते म्हणाले आणि पेनाकडे हात गेला.

"आणि मग कलम पंधरा. जो बदल मागितला तो, मागणाऱ्याच्या नावानिशी, वादसभेच्या सुरुवातीला वाचून दाखवायचा. हे तुम्हीच घालायला लावलं होतं, वकीलसाहेब. तिसऱ्या बैठकीत."

पेन टेबलावरच राहिलं. अल्देरेतेंनी ते कलम घातलं होतं ते गालेआनोंच्या लोकांची नाकं दाबायला. ते आपल्याच दाराशी येईल असं त्यांना वाटलं नव्हतं.

"कुठल्या भाषेत वाचणार?" त्यांनी विचारलं.

"दोन्ही. दोन्ही उमेदवारांना ग्वारानीतून प्रश्न नको आहेत, हे ग्वारानीतून सांगणार. डॉन सेफेरिनोच वाचतील. ते तसेही बसलेलेच असणार."

खाली रस्त्यावर बस जोरात ब्रेक मारत थांबली. नोएलियाने पेला भरून अल्देरेतेंपुढे धरला. त्यांनी हात आडवा करून 'आभारी आहे' म्हटलं, म्हणजे आता पुरे. आधी सही कोणी करायची, हा प्रश्न दोघांनी एकमेकांकडे न बघताच सोडवला. कागद कोरा राहिला आणि कलम सत्तावीस जागच्या जागी.

खरं म्हणजे सुनिल्दाने तिथेच थांबायला हवं होतं.

लिफ्ट बंद होती. अल्देरेते नमस्कार करून पुढे निघून गेले. ती जिना उतरत असताना नोएलियाने मागून येऊन तिचा दंड धरला.

"बाई, तुम्ही आम्हाला मारलंत. तिला येत नाही हो बोलता. सगळ्या देशासमोर हसं होणार. आणि समोर तो ओसुना, सभा मारून नेणारा."

"कळत तर असेल की."

"कळतं सगळं. बोलता येत नाही."

पोरीचे डोळे भरून आले होते. बारा वर्षांपूर्वी वर्गात पहिली बातमी वाचताना तोतरी झाली तेव्हाही असेच भरले होते. सुनिल्दाच्या तोंडून शब्द निघून गेले. "त्यांच्या घरी लहानपणी स्वयंपाकाला कोण होतं? ती बाई असेल अजून, तर आठ दिवस तिच्या स्वयंपाकघरात जाऊन बस म्हणावं. कॅमेऱ्यासमोर लपवण्यापेक्षा तिथे हसं करून घेतलेलं बरं."

बोलून झालं आणि तिला कळलं आपण काय केलं ते. समन्वयकाने एका बाजूला सल्ला दिला होता. जिन्याचं वळण ओलांडलं तर खालच्या चौथऱ्यावर अल्देरेते उभे होते, फोन खिशात टाकत.

"जपून उतरा, सुनिल्दाबाई," ते अदबीने म्हणाले. "पायऱ्या निसरड्या आहेत."

दोन दिवस काही घडलं नाही. नवरा वारून सात वर्षं झाली होती, मुलगा स्पेनला. घरात बोलायला कोणी नव्हतं आणि बोलण्यासारखं हे नव्हतंही. तिसऱ्या दिवशी सकाळी पत्र आलं, आणि ते मंडळाकडे पोहोचायच्या आत दोन वर्तमानपत्रांच्या साइटवर झळकलं. समन्वयक सुनिल्दा कान्येते या विरोधी उमेदवाराला खाजगीत मार्गदर्शन करतात. विरोधी प्रतिनिधी त्यांची लाडकी विद्यार्थिनी. अशा पक्षपाती हातांत सेनेटर ओसुना आपला सन्मान सोपवू शकत नाहीत. उत्तरासाठी चोवीस तास.

दुपारपर्यंत फोन थांबले नाहीत. नोएलियाचा आला तेव्हा ती हळू आवाजात म्हणाली, बाई, जिन्यात आपण हवापाण्यावर बोललो. मी शपथेवर सांगेन. त्यांच्याकडे ऐकीव शब्दाखेरीज काय आहे? सुनिल्दाने फोन ठेवला. मोह झालाच नाही असं नाही. एक वाक्य. दोघींनी नाही म्हटलं की ते वाक्य झालंच नव्हतं. आणि त्या एका वाक्यामागे तिची चार महिन्यांची मेहनत होती.

मंडळाची बैठक चार वाजता बसली. अध्यक्ष रेक्टर बारेइरो, जाड भिंगांचा चष्मा लावणारा म्हातारा, तिचा जुना स्नेही. त्याने आधीच निषेधाचा मसुदा लिहून आणला होता. हा धादांत खोटा आरोप आहे, मंडळ आपल्या समन्वयकाच्या पाठीशी ठाम उभं आहे, वगैरे. तो वाचायला सुरुवात करणार तोच सुनिल्दाने हात वर केला.

"खोटा नाही," ती म्हणाली.

तिने जिन्यातलं वाक्य शब्द न् शब्द सांगितलं. पत्रकार संघटनेचा माणूस चिडला. एवढ्याशा गोष्टीला सल्ला म्हणतात का, ते रोज काय काय करतात, आपण सती सावित्री व्हायचं आणि त्यांनी वादसभा बुडवायची? बारेइरोने चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला.

"तुला काढलं तर ते म्हणतील, गुन्हा कबूल झाला, आता सगळे नियम पुन्हा उघडा," तो म्हणाला. "ठेवलं तर येणार नाहीत. दोन्हीकडून मरण आहे, सुनिल्दा."

तिने पिशवीतून पत्राची प्रत काढली. सकाळपासून तिने ते चार वेळा वाचलं होतं, आणि चौथ्या वेळी शेवटून दुसऱ्या परिच्छेदाशी थबकली होती. अल्देरेतेंना आपण किती समंजस आहोत हे लोकांना दाखवायचं होतं. वकील माणूस, जरा जास्तच नीट लिहून गेला होता. 'आम्ही हे स्पष्ट करू इच्छितो की एकेचाळीसही कलमांना आमची संमती कायम आहे. आमचा आक्षेप नियमांवर नसून केवळ एका व्यक्तीवर आहे.'

तिने ती ओळ मोठ्याने वाचली. मग राजीनाम्याचा कागद त्यावर ठेवला.

"व्यक्ती गेली," ती म्हणाली. "आता त्यांना लिहा की तुमचा एकमेव आक्षेप मान्य केला, आणि एकेचाळीस कलमांवरच्या तुमच्या संमतीबद्दल मंडळ आभारी आहे. त्यांची ओळ त्यांच्याच शब्दांत उतरवा. आणि पेपरवाल्यांना आधी द्या, त्यांनी दिलं तसं."

"आणि तुझं काय?"

"माझं नाव पेपरात येईल ते येईल. चूक केलीच आहे."

बारेइरोने स्वतः समन्वयकाची जागा घेतली. संध्याकाळी सहाच्या बातम्यांत पहिली बातमी तिची होती आणि दुसरी अल्देरेतेंच्या त्या ओळीची. ओसुनांच्या गोटातून त्या दिवशी काही उत्तर आलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. चार दिवसांनी फक्त एवढंच, की सेनेटर आपला कार्यक्रम पाहून ठरवतील.

ते दिवस सुनिल्दाने कसे काढले ते तिचं तिलाच ठाऊक. स्टुडिओत पाऊल टाकायची तिला आता मुभा नव्हती. बेकरीत एक अनोळखी माणूस तिच्याकडे बघून पुटपुटला, विकली गेलेली. कॉलेजातल्या एका सहकाऱ्याने मिठी मारून सांगितलं की तू मूर्ख आहेस. डॉन सेफेरिनोंनी फोन करून विचारलं, मी माझा काळा सूट धोब्याकडे टाकू का? ती म्हणाली, टाका.

रविवारी संध्याकाळी घरात एकटीला बसवेना म्हणून ती शेजारच्या सिक्स्ताबाईंच्या अंगणात गेली. सिक्स्ताबाई चौकात चिपा, म्हणजे चीज घातलेले छोटे पाव, विकायच्या. आंब्याखाली टीव्ही मांडलेला, खुर्च्या टाकलेल्या, वीसेक माणसं जमलेली. बरेचसे ओसुनांच्या पक्षाचे, आजापणजापासून. सुनिल्दा आली तशी बोलणी क्षणभर थांबली. मग सिक्स्ताबाईंनी गरम चिपाची टोपली तिच्यापुढे केली आणि म्हणाल्या, "बस गं. तुझंच लग्न आणि तूच मांडवाबाहेर."

सातला सुरुवात. पावणेसातला पडद्यावर गालेआनो एका पोडियममागे उभ्या होत्या आणि दुसरा रिकामा होता. सात वाजायला दहा कमी. कोणीतरी म्हणालं, नाही येत. दुसरा म्हणाला, बरं करतोय. सुनिल्दाने हातातला चिपा तसाच धरला होता, त्याचा चुरा मांडीवर पडत होता ते तिला कळत नव्हतं. सहा कमी असताना कॅमेरा अचानक दाराकडे वळला आणि ओसुना आत आले, टायची गाठ सारखी करत, हसत. त्यांच्यामागे अल्देरेते, न हसता.

पहिला तास स्पॅनिशमध्ये गेला. आकडे, कर, विजेचे करार. अंगणातली निम्मी माणसं आपापल्या गप्पांत होती. ओसुना चांगले बोलत होते, गालेआनो त्याहून चांगल्या. मग डॉन सेफेरिनो काळ्या सुटात पुढे आले आणि ग्वारानीत म्हणाले, आता घरातलं बोलू या. अंगणातल्या खुर्च्या सरकल्या. कोणीतरी आवाज वाढवला.

पहिली आली सान पेद्रोची पेत्रोना व्हियाल्बा. तिळाची शेती करणारी, पन्नाशीची, हाताची घडी घालून उभी.

"डॉन फेलिसियानो," ती सेनेटर ओसुनांकडे बघत म्हणाली, "दोन वर्सांमागं तुमी आमच्या शेतात खुर्ची टाकून बसला होता. आमी साठ घरं. तुमी म्हनलात, ह्या जमिनीचे कागद तुमच्या नावाचे करून देतो. माझा पोरगा राजधानीत रखवालदार हाय. त्यानं आयकलं, तुमी मोठ्या मालकांना म्हनलात की एक वीतभर जमीन हलनार नाय. ते स्पॅनिशमधी म्हनलात. मी म्हनलं, आपुनच विचारावं. कंचं खरं?"

ओसुना हसले. त्यांनी पेत्रोनाच्या तिळाची स्तुती केली, त्या दिवशी तिने दिलेल्या जेवणाची आठवण काढली, आणि एक विनोद केला. अंगणातले दोघंतिघं हसले, सवयीने. मग ते गावच्या रस्त्याविषयी बोलू लागले. डॉन सेफेरिनोंनी घड्याळाकडे बघितलं आणि अगदी मऊ आवाजात म्हणाले, "डॉन फेलिसियानो, चाळीस सेकंद उरले. त्यांनी इचारलेलं अजून तसंच हाय."

चाळीस सेकंद ही किती मोठी गोष्ट असते ते त्या संध्याकाळी देशाने पाहिलं. ओसुनांच्या कपाळावर घाम आला, वीस अंशांतही. त्यांनी पाण्याचा कागदी पेला उचलला, ठेवला. पेत्रोना तशीच उभी. शेवटच्या आठ सेकंदांत ते म्हणाले, कागद देणार. सगळ्या साठ घरांना. सिक्स्ताबाईंचा नवरा, पक्षाचा तीस वर्षांचा कार्यकर्ता, हळूच म्हणाला, "आता मालक लोक झोपायचे नाहीत."

मग गालेआनोंची पाळी. त्यांनी दुभाष्याचं यंत्र कानाला लावलंच नव्हतं. दोन्ही हातांनी पोडियम धरून त्या ग्वारानीत बोलू लागल्या, अडखळत, शब्द चाचपडत. त्यांना म्हणायचं होतं, मला लाज वाटते. पण त्या भाषेत लाज आणि नाक यांत एवढासाच फरक, आणि त्या जे बोलून गेल्या ते होतं, 'माझं नाक'. अंगण खदखदून हसलं. सिक्स्ताबाईंनी ॲप्रनचं टोक तोंडात कोंबलं. गालेआनोंना चूक कळली, त्या लाल झाल्या, आणि थांबल्या नाहीत.

"माझी चेष्टा करा," त्या म्हणाल्या, "मला सवय हाय आता. आठ दिवस मी लुके गावात ब्रिहिदाच्या सैपाकघरात बसले. तिनं मला वाढवलं. तिची भाषा मी आयकत मोठी झाले, पर बोलायची मला मनाई व्हती. ती रोज हसली मला."

मग त्यांनी जमिनीचं उत्तर दिलं. साधं, तोडकंमोडकं, आणि त्यात कुठलंही आश्वासन नव्हतं. कायदा आधी बदलावा लागेल, त्याला दोन वर्षं तरी लागतील, असं म्हणाल्या. अंगणातले काही अजून नाकावरच हसत होते. एक म्हातारी मात्र मान डोलवून म्हणाली, "माझी नात बोलते अशी. ती बी हुशार हाय."

सगळे टीव्हीकडे बघत होते, सुनिल्दाकडे कोणी नाही. ब्रिहिदा. तिचं नाव सुनिल्दाने तोवर ऐकलंही नव्हतं. पण जिन्यातलं ते वाक्य लुकेपर्यंत गेलं होतं, स्वयंपाकघरात आठ दिवस बसलं होतं, आणि आता सगळ्या देशासमोर उभं होतं. राजीनामा देताना तिने मनाशी धरलं होतं की बोलणं चुकीचं होतं पण फुकटचं होतं, कोणाला त्याचा लाभ नाही. लाभ झाला होता. अल्देरेतेंचं पत्र खरं होतं, ती समजत होती त्याहून खरं.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन वाजला.

"लुकेची स्वयंपाकीण," अल्देरेते म्हणाले. नमस्कार नाही, काही नाही.

"हो. माझंच."

"म्हणजे मी खोटं बोललो नव्हतो."

"नव्हतात. मंडळाला मी तेव्हाच सांगितलं. आता कोणी विचारलं तर पुढचंही सांगेन. तुम्ही विचारायला लावा, मी नाही म्हणणार नाही."

सुनिल्दा वाट बघत राहिली. हा माणूस आता हे नेऊन चॅनेलवर ओतणार, आणि तो त्याचा हक्क होता.

"ते काढलं की चॅनेलवाले ते चाळीस सेकंद पुन्हा दाखवणार," शेवटी ते थकल्या आवाजात म्हणाले. "सकाळपासून जमीनदारांचे अकरा फोन आलेत. राहू द्या. बाई, तुम्ही आमच्याकडे असायला हव्या होतात."

"तुम्हाला झेपले नसते मी."

ते हसले की खोकले ते कळलं नाही. फोन ठेवला गेला.

निवडणूक ओसुनांनीच जिंकली, तीन टक्क्यांनी. नाकामुळे गालेआनो हरल्या असं काही जण म्हणाले, नाकामुळेच एवढ्या जवळ पोहोचल्या असं काही जण. खरं काय ते कोणालाच ठरवता आलं नाही. नोएलियाने महिनाभर फोन केला नाही. मग एक दिवस कॉलेजच्या फाटकाशी उभी दिसली. म्हणाली, बाई, नऊ दिवस ती क्लिप मोबाइलवर फिरत होती, लोक नाक धरून दाखवायचे. सुनिल्दा म्हणाली, पाहिली मी. जिन्यात मी जे बोलले ते बोलायला नको होतं, तुझ्यासाठीसुद्धा नको होतं. नोएलियाला ते पटलं की नाही कोण जाणे. दोघी बसस्टॉपपर्यंत बरोबर चालत गेल्या.

मंडळाने तिला परत बोलावलं नाही आणि तिनेही विचारलं नाही.

सप्टेंबरपर्यंत सान पेद्रोच्या त्या साठ घरांपैकी एकोणीस घरांना कागद मिळाले. उरलेली एकेचाळीस घरं थांबून आहेत. पेत्रोना व्हियाल्बा दर सोमवारी पहाटे डॉन सेफेरिनोंच्या कार्यक्रमाला फोन लावते, आपलं नाव सांगते, गावाचं नाव सांगते आणि राष्ट्राध्यक्षांना विचारते की या आठवड्यात किती झाले. डॉन सेफेरिनो तिला कधी मध्ये तोडत नाहीत. सुनिल्दा तेव्हा उठलेली असते, मातेसाठी, त्या पानांच्या गरम पेयासाठी, पाणी उकळत ठेवलेलं असतं. ती रेडिओचा आवाज वाढवते आणि उत्तर येतं का ते ऐकते.